डब्याच्या तळाचं भोक

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं ते मला अजून नीट कळत नाही. अक्षर ओळीवर थांबत नाही, पानाच्या शेवटाकडं जाताना खाली घसरतं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागते, कारण लिहून झाल्यावर मलाच वाचावं लागेल.

मला माझ्या भावाविषयी लिहायचं आहे, आणि ह्यांच्याविषयी. ह्यांच्याविषयी म्हणजे माझ्या नवऱ्याविषयी. दोघांचं एकमेकांशी फार चांगलं होतं. मग मधे एक इंजिन आलं.

ह्यांचं गॅरेज छावणीच्या कडेला होतं. पत्र्याची शेड, पुढं बाभळीची सावली. हे तरुणपणी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं शिकले. त्या मिस्त्रीकडं मिलिटरीतून लिलावात निघालेल्या जीपा यायच्या. त्यामुळं ह्यांचा हात फोर बाय फोर गाड्यांवर बसला. अलीकडं शहरात अशा गाड्या घेणारे पुष्कळ झाले. कुणाला शेतात जायचं असतं, कुणाला सुट्टीत डोंगरात. ते सगळे स्नॉर्कल बसवून मागायचे.

इंजिनाला श्वास लागतो, हे मला लग्नानंतर कळलं. कंपनीच्या गाडीत तो मडगार्डच्या आतून, खालून घेतलेला असतो. गाडी खोल पाण्यात उतरली की त्या वाटेनं पाणी आत जातं. इंजिनानं एकदा पाणी गिळलं की आतला लोखंडाचा दांडा वाकतो आणि सगळं संपतं. म्हणून एक जाड काळा पाइप काचेच्या कडेनं वर टपापर्यंत नेतात, गाडीनं वरून श्वास घ्यावा म्हणून. त्याला स्नॉर्कल म्हणतात. लोकांना वाटतं, पाइप लावला की झालं. पण पाइप नुसता दिसायला असतो. वरच्या तोंडापासून इंजिनापर्यंत जेवढे सांधे आहेत तेवढे बंद झाले नाहीत, तर वरून हवा आणि खालून पाणी, दोन्ही आत जातं.

ह्यांचे हात मोठे होते. मडगार्ड आणि एअर फिल्टरचा डबा यांच्यामधे एक जागा असते, तिथं त्यांची बोटं शिरायची नाहीत. एक दिवस मी जेवण घेऊन गेले तेव्हा हे कोपरापर्यंत खरचटून घेऊन बसले होते. मी म्हटलं, मी बघू का. माझा हात सहज आत गेला. त्या दिवसापासून सिलिकॉन लावून सांधे बंद करायचं काम, ज्याला हे सिलिंग म्हणायचे, माझं झालं.

मला ते काम आवडलं त्याचं एक कारण सांगते. मला माणसांशी बोलायला जमत नाही. दुकानात सुद्धा मी बोट दाखवून वस्तू मागते. बोनेटमधे डोकं घातलं की कुणी आपल्याला काही विचारत नाही. गिऱ्हाईक ह्यांच्याशी बोलायचं, मला कुणी बघायचं नाही.

सांधा आधी घासायचा, मग थिनरनं पुसायचा, नंतर तिथं बोट सुद्धा लावायचं नाही, कारण बोटाचं तेल लागलं की सिलिकॉन धरत नाही. मग पातळ थर, रबरी नळी चढवायची, क्लॅम्प आवळायचा, पण इतका नाही की रबर कापेल. एक गोष्ट ऐकून मला हसू आलं होतं. हे म्हणाले, सिलिकॉनला सुकायला ओल लागते. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की वरून कातडी धरते आणि आत चिकट राहतं. म्हणून आम्ही बोनेट पाडून त्यावर ओलं गोणपाट टाकायचो आणि गाडी एक रात्र तशीच ठेवायचो. गिऱ्हाईक घाई करायचं. हे म्हणायचे, घाई असंल तर दुसरीकडं जा.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. हे आत बसून इंजिन चालू करायचे. मी स्टुलावर चढून स्नॉर्कलची वरची टोपी काढायची आणि तोंडावर रबराचा तुकडा ठेवून पंजानं दाबून धरायची. हवा हाताला ओढायची. इंजिन थरथरायचं आणि मरायचं. मेलं की काम पास. चालू राहिलं तर कुठून तरी चोरून श्वास घेतंय, पुन्हा सगळं उघडा.

यानंतर हे एक काम न चुकता करायचे. फिल्टरच्या डब्याच्या तळाला कंपनीनं एक भोक ठेवलेलं असतं, साचलेलं पाणी आणि धूळ खाली पडावी म्हणून. स्नॉर्कल लावला की ते बंद करावं लागतं, नाहीतर गाडी पाण्यात गेल्यावर पाणी तिथूनच वर येतं. आम्ही तिथं रबराचे वायसर घालून बोल्ट लावायचो आणि वरून मी सिलिकॉनचं कडं करायची. हे गिऱ्हाइकाला जमिनीवर गोणपाट टाकून द्यायचे, गुडघ्यावर बसवायचे, बॅटरी मारून दाखवायचे. हा बोल्ट कधी काढायचा नाही. पावसाचं थोडं पाणी वरच्या तोंडातून डब्यात आलेलं दिसलं तर वरचं झाकण उघडून फडक्यानं पुसा, पण हा काढू नका. पांढऱ्या कपड्यातले डॉक्टर आणि मोठे साहेब सुद्धा त्या गोणपाटावर बसलेले मी पाहिले आहेत. बसल्याशिवाय हे चावी देत नसत.

आता भावाविषयी.

तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आई बिगारी कामाला जायची. तो झाला तेव्हा त्याला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मला शाळेतून काढलं. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही. तो कडेवर असला की मला कुणाशी बोलावं लागायचं नाही, बायका त्याच्याशीच बोलायच्या. त्याचे पाय फार सुंदर होते. अंगठ्याच्या शेजारचं बोट अंगठ्याहून लांब. मी त्याला न्हाऊ घालताना ते बोट ओढायची आणि तो खदखदून हसायचा. माझी शाळा त्याच्यासाठी सुटली हे त्याला ठाऊक नसावं. आम्ही कुणी त्याला सांगितलं नाही.

त्याचं लग्न फर्दापूरला झालं आणि तो सासऱ्याच्याच घरी राहू लागला. लेणी बघायला येणाऱ्या लोकांना गाडीनं इकडंतिकडं फिरवायचं काम करायचा. पुढं त्यानं सासऱ्याकडून पैसे घेऊन एक जुनी फोर बाय फोर घेतली. पावसाळ्यात पर्यटक कमी होतात, पण नदीपलीकडच्या वस्त्यांवर सामान पोचवायला गाडी मिळत नाही. सिलेंडर, खताच्या गोण्या, आजारी माणूस. त्यानं हिशोब केला होता की पाण्यातून जाणारी गाडी आपल्याकडं असली तर चार महिने घरी बसायला नको. म्हणून तो मे महिन्यात गाडी घेऊन आमच्याकडं आला, दाजी, स्नॉर्कल बसवून द्या म्हणून.

ते दोन दिवस मला फार आठवतात. तो स्टुलावर बसून शेंगा फोडत होता. मी बोनेटमधे वाकलेली.

तो ह्यांना म्हणाला, "दाजी, गाडीला नाक बसवताय, एखादी नथ बी बसवा. ताईला तर अजून केली नाय तुम्ही."

हे म्हणाले, "तुझ्या ताईला नथ केली तर ती इथं बोनेटमधी पडंल आन् इंजन गिळंल. मंग गिऱ्हाईक म्हनंल, पाव्हणं, माझ्या इंजनात सोनं हाय, आता मी गाडी सोडत नाय."

"मंग माझ्याच गाडीत पडू द्या."

"तुझ्या गाडीत पितळाची पडंल."

मी आत हसत होते, कुणाला दिसलं नाही. ह्यांनी त्याच्याकडून सामानाचे पैसे सुद्धा घेतले नाहीत. मी त्याच्या गाडीला जितक्या मनानं सिलिकॉन लावलं तितकं कुणाच्याच लावलं नाही. ओलं गोणपाट पहाटेपासून तीनदा भिजवलं. दुसऱ्या दिवशी मी वर हात दाबला तेव्हा इंजिन असं मेलं की ह्यांच्या शेजारी बसलेला भाऊ घाबरून गाडीतून खाली उतरला.

संध्याकाळी मी मटण केलं होतं. तो आंघोळ करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून जेवायला बसला. मी ह्यांना आत बोलावून हळूच म्हटलं, खालचा बोल्ट दाखवायचा राहिला. हे म्हणाले, "अगं, ताटावर बसलाय तो. घरच्या पाव्हण्याला काय गुडघ्यावर बसवू?" तो आमच्या घरचा होता आणि वर माझ्या माहेरचा. अशा माणसाला पाणी देतात, पाट देतात. धुळीत बसवून, हे करू नको ते करू नको, असं कोण सांगतं. ह्यांना ते जमलं नाही. सकाळी तो लवकर निघाला. जेवणाचा डबा बांधून देण्याच्या गडबडीत मीही विसरले.

पोळा झाल्यावर एक दिवस सकाळी फोन आला. गाडी नदीत बंद पडली. ट्रॅक्टरनं ओढून आणली. आम्ही दोघं एसटीनं गेलो. सिल्लोडच्या पुढं रस्ता उकरलेला होता, पोचायला तिसरा प्रहर झाला.

गाडी अंगणात लिंबाखाली उभी होती. तिथल्या एका मिस्त्रीनं इंजिनाची तोंडं उघडली होती आणि त्यातून उडालेल्या पाण्याचे डाग जमिनीवर होते. भावाचा सासरा बाजेवर बसला होता. गल्लीतली पाच-सात माणसं उभी होती. भाऊ आम्हाला बघून पुढं आला नाही. मला वाटलं, तो ओरडेल. तो ओरडला नाही. तो सगळ्यांसमोर हळू आवाजात बोलला आणि ते मला जास्त लागलं.

"दाजी, ताईनं हातानं लावलंय म्हनून मी डोळं झाकून पाण्यात घातली."

हे सरळ गाडीकडं गेले आणि फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. डब्याच्या तळाला भोक दिसत होतं आणि त्या भोकातून खालची जमीन दिसत होती, लिंबाची एक काडी पडलेली. बोल्ट नव्हता. मी लावलेलं सिलिकॉनचं कडं पात्यानं नीट गोल कापून काढलेलं होतं. बाकी सगळे सांधे जसेच्या तसे होते.

मी तोंड उघडणार होते. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांसमोर बोलावं असं मला वाटलं. तेवढ्यात ह्यांनी झाकण बसवलं आणि त्याचे चाप एकेक करून लावले. मग सासऱ्याकडं वळून म्हणाले, सिलिंग सुटलं, चूक माझी आहे, इंजिनाचा सगळा खर्च मी देईन. एकदम जमणार नाही, पण देईन.

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी भांडले. हळू आवाजात, पण भांडले. मी म्हटलं, बोल्ट त्यानं काढला, तुम्ही पाहिलं, मी पाहिलं.

"व्हय," हे म्हणाले. "डब्यात पाणी साचलेलं दिसलं असंल त्याला. त्यानं वाट करून दिली. मी त्याच्या जागी असतो तर मीबी दिली असती. सगळ्या गावाला दाखवतो, त्याला नाय दाखवलं."

"मग तेच सांगायचं."

"त्याच्या सासऱ्याम्होरं? पैका सासऱ्याचा, घर सासऱ्याचं. जावयानं सोताच्या हातानं बुडवली म्हनून सांगू? मंग त्यानं तिथं जेवायचं कसं?" मग म्हणाले, "आन् हे त्याला कळलं तर तो तुला तोंड दाखवनार नाय. आता चिडलाय. चिडलाय तर येईल. माझी शपथ हाय, बोलू नको."

मी बोलले नाही. पण तो आला नाही.

दर वर्षी चौदा एप्रिलला तो आमच्याकडं यायचा. पांढरे कपडे, कपाळावर निळा गुलाल, मिरवणुकीत नाचून नाचून घसा बसलेला. रात्री आमच्याच ओसरीत आडवा व्हायचा. गाडी बुडाल्यानंतरच्या एप्रिलात मी खीर करून वाट बघितली. फोन केला तर भावजय म्हणाली, ते बाहेर गेलेत वन्सं. पुढच्या वर्षी मी फोन केला नाही, पण खीर केली.

खर्च लाखाच्या जवळ गेला होता. हे दर महिन्याला थोडे बाजूला ठेवायचे आणि तीन-चार महिन्यांनी मी ते घेऊन फर्दापूरला जायची. मोबाइलवरून पाठवता आले असते. हे म्हणायचे, हातानं द्यायचे, तेवढीच भेट होईल. भेट म्हणजे काय, मी बाजेवर बसायची, भावजय चहा द्यायची, पैसे सासरा घ्यायचा. भाऊ असला तर दारात उभा राहायचा, कशी आहेस म्हणायचा, आणि गाडीला पाणी मारायला निघून जायचा. मी त्याच्याकडं बघून यायची. मला तेवढं पुरायचं असं मी ह्यांना सांगायची. ते खरं नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यात हे गेले. सकाळी गॅरेजमधे छातीत दुखलं, रिक्षात घातलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी एका गाडीला लावलेलं सिलिकॉन अजून ओलं होतं.

भाऊ आला. त्यानं खांदा दिला. स्मशानात भंतेजी त्रिसरण म्हणत होते तेव्हा तो माझ्यासमोर उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता तो येईल आणि माझ्या डोक्यावर हात ठेवील, किंवा मी त्याच्या. आम्ही घरी परतलो तेव्हा तो चपला घालून अंगणातूनच गेला. कुणीतरी म्हणालं, लांब जायचंय त्याला. त्या दिवशी मी ह्यांच्यासाठी रडले आणि त्याच्यासाठीही, पण लोकांना वाटलं सगळं ह्यांच्यासाठीच आहे.

राहिलेले पैसे नको, असं तो म्हणेल अशी मला आशा होती. पैशासाठी नाही. त्यानं म्हणावं एवढंच होतं. तो म्हणाला नाही, म्हणून मी देत राहिले. शेजारच्या शेडमधे ह्यांच्याबरोबर शिकलेले एक मिस्त्री होते. त्यांनी मला सिलिंगच्या कामाला ठेवून घेतलं. पहिल्याच गाडीच्या वेळी मी त्यांना म्हटलं, गिऱ्हाइकाला खालचा बोल्ट दाखवल्याशिवाय चावी देऊ नका. ते म्हणाले, मला कुठं वेळ आहे, तुम्हीच दाखवा. मी परक्या पुरुषासमोर गोणपाट टाकलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की तो माणूस दोनदा "काय?" म्हणाला. पण दाखवलं. आता बोलता येतं. तेवढं एकच वाक्य मला कुठंही, कुणासमोरही बोलता येतं.

मागच्या पावसाळ्यात मी पैसे घेऊन फर्दापूरला गेले तेव्हा सासरा आणि भावजय लग्नाला गेले होते. भाऊ एकटाच होता. गाडीत खताच्या गोण्या भरलेल्या, बोनेट उघडं, आणि तो फिल्टर झटकत होता. मी सहज आत बघितलं. इंजिन नवीन होतं, पण डबा तोच. तळाचं भोक तसंच उघडं, खालची जमीन दिसत होती.

मी विचारलं, कुठं निघालास. तो म्हणाला, पलीकडं, पाणी आहे पण मागच्या दोन वर्षांत पाण्यात घातली नाही, आता जावंच लागेल, हप्ता थकलाय. मग पहिल्यांदाच थोडं माझ्याकडं बघून म्हणाला, नवं सिलिंग केलंय सिल्लोडला, चांगल्या माणसाकडून.

मला ह्यांची शपथ होती. पण तो त्या दिवशी नदीत उतरणार होता. मी फार वेळ विचार केला नाही. गाडीतली रिकामी गोणी घेतली, चाकाशेजारी जमिनीवर टाकली आणि म्हटलं, "खाली बस."

"काय झालं?"

"बस. बघ इथं. हितला बोल्ट कुठाय?"

"कुठला बोल्ट?"

"हितं बोल्ट होता. मी लावलेला."

तो गुडघ्यावर बसला. वर बघितलं. "तो व्हय," तो म्हणाला. "डब्यात पाणी साचत होतं, ताई. पयल्याच पावसात साचलं. म्हनून काढला मी." एवढं बोलून तो थांबला. त्यानं बोट वर केलं आणि भोकात घातलं. ते पलीकडं डब्यात निघालं. बराच वेळ त्यानं बोट तिथंच ठेवलं. मग त्यानं विचारलं, "दाजींना म्हाईत होतं?"

"झाकण उघडलं तवाच."

"आन् तुला?"

मी त्याची हत्यारांची पेटी जवळ ओढली. तो तसाच गोणीवर बसून राहिला.

मी त्याच्या पेटीतून एक बोल्ट काढला, जुन्या ट्यूबचे दोन गोल तुकडे कापले, वायसर केले आणि भोक बंद केलं. सिलिकॉन नव्हतं, पण आवळून बसवलं. मग त्याला म्हटलं, गाडी चालू कर. तो आत बसला. मी बंपरवर पाय देऊन चढले, वरची टोपी फिरवून काढली आणि तोंडावर ट्यूबचा तुकडा ठेवून हात दाबला. हवेनं हात ओढला, इंजिन थरथरलं आणि मेलं. सगळीकडं शांत झालं. मी वरूनच म्हटलं, झालं, आता जा पाण्यात. तो खाली उतरला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत होता. मी पैसे त्याच्या शेजारच्या सीटवर ठेवले आणि स्टँडवर आले. मला वाटलं, तो मागं येईल. बस यायला पुष्कळ वेळ लागला. तो आला नाही.

ह्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. आधी मी फोन केला की तो दोन शब्द बोलायचा. आता भावजय उचलते आणि म्हणते, ते बाहेर गेलेत. मिरवणुकीच्या दिवशी मी खीर केली नाही.

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग आला, आणि तो त्याच्यावरच आला. त्यानं येऊन फक्त ताई म्हणायचं होतं. मी त्याला एका शब्दानं विचारलं नसतं. पण मला हेही कळतं की तो मला बघून काय बघतो. त्याला दाजी दिसतात, अंगणात झाकणाचे चाप लावताना. मी समोर आले की त्याला ते बघावं लागतं. मी नाही आले तर नाही.

गेल्या आठवड्यात मी ह्यांचा हवेचा कंप्रेसर विकला. त्यात राहिलेले पैसे पूर्ण होत होते. खरं तर मी ते पुढं ढकलत होते. थोडे बाकी राहिले तर जायला कारण राहतं. मग वाटलं, कारण राहिलं तरी तो समोर येत नाही, आणि ह्यांचा शब्द मात्र अर्धवट राहतो.

फर्दापूरला पोचले तेव्हा गाडी अंगणात होती. म्हणजे तो घरीच होता. भावजयीनं बाज टाकली आणि विचारायच्या आधीच म्हणाली, ते बाहेर गेलेत वन्सं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सासरा येऊन बसला. मी त्याच्या हातात पैसे दिले. तो नोटा मोजू लागला, प्रत्येक नोटेला बोटाची थुंकी लावून, शांतपणे, आपलं येणं वसूल करणाऱ्या माणसासारखा. त्यावरून मला कळलं की भावानं त्याला काही सांगितलेलं नाही.

आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खाली दोन पाय दिसत होते, अनवाणी. अंगठ्याच्या शेजारचं बोट अंगठ्याहून लांब. ते हलत नव्हते.

मी सासऱ्याला सगळं सांगू शकत होते. आता मला बोलता येतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या पायांकडं बघितलं आणि बोलले नाही.

म्हाताऱ्यानं नोटा पुन्हा एकदा मोजल्या, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि वरून हातानं दाबल्या.

"बराबर हायेत, बाई," तो म्हणाला. "सगळे फिटले."